सॉफ्टवेअर उघडून पाहण्याचा हक्क

सायबर सिक्युरिटी हा विषय आता पॉलिटेक्निकपासून एम.टेक.पर्यंत सगळीकडे शिकवला जातो, आणि त्याच्या मागोमाग एक वादही आला आहे. कॉलेजच्या स्टाफरूममध्ये, पालकांच्या बैठकीत, आयटीतल्या मंडळींच्या गप्पांत तो हमखास निघतो. एक बाजू म्हणते, पोरांना प्रोग्रॅम फोडायला शिकवता, मग उद्या त्यांनी क्रॅक केलेली, म्हणजे लायसन्सची तपासणी मोडून काढलेली, सॉफ्टवेअर वापरली, चार जणांत वाटली, तर दोष कुणाचा? दुसऱ्याच्या सॉफ्टवेअरमध्ये डोकावणे हीच मुळात चोरी आहे. दुसरी बाजू तितक्याच ठामपणे सांगते की शिकणाऱ्याला सगळे माफ असते; रिक्षावाल्याच्या मुलाने महागडी लायसन्स कुठून आणायची, आणि कॉपीराइट ही तर बड्या कंपन्यांची सोय आहे. दोन्ही बाजू एकमेकींवर तुटून पडतात, पण एक गृहीतक दोघींचेही सारखेच आहे: सॉफ्टवेअर उघडून समजून घेणे आणि चोरीची प्रत वापरणे या जणू एकाच कृतीच्या दोन पायऱ्या आहेत. माझे म्हणणे असे की या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध जोडणेच चूक आहे. पहिली गोष्ट विद्यार्थ्याचा हक्क आहे, आपल्या कायद्याने त्याला जागा ठेवली आहे आणि ती आणखी रुंद व्हायला हवी. दुसऱ्या गोष्टीला शिक्षणाच्या नावाने पाठीशी घालणे बंद व्हायला हवे, आणि सिक्युरिटी शिकणाऱ्याने तर ती सर्वांत आधी सोडायला हवी.

गोंधळ कुठून होतो ते लॅबमध्ये पाहिले की कळते. विद्यार्थ्यासमोर ‘क्रॅकमी’ असतो, म्हणजे सरावासाठीच लिहिलेला छोटा प्रोग्रॅम. तो सीरियल नंबर मागतो आणि चुकीचा दिला की नकाराचा संदेश दाखवतो. विद्यार्थी तो घिड्रा या डिससेम्बलरमध्ये, म्हणजे मशीन कोड वाचता येईल अशा रूपात दाखवणाऱ्या टूलमध्ये, उघडतो, नकाराचा संदेश शोधतो, तो जिथून दाखवला जातो त्या जागी पोचतो. तिथे वर दिलेल्या आणि अपेक्षित नंबरांची तुलना दिसते आणि तिच्याखाली ‘जेएनझेड’ ही सूचना: दोन्ही जुळत नसतील तर उडी मार. इंटेलच्या मशीन कोडमध्ये या आखूड उडीचा बाइट ७५. त्याच्या जागी ७४ लिहिला की अट उलटी होते. चुकीचा नंबर चालतो आणि बरोबर असलेला नाकारला जातो. हे एकदा स्वतःच्या हाताने केलेल्या मुलाला एक गोष्ट जन्मभरासाठी कळते: वापरणाऱ्याच्या मशीनवर केलेल्या तपासणीवर भिस्त ठेवता येत नाही, खरी तपासणी सर्व्हरवर व्हायला हवी. उद्या तो बँकेचे ॲप लिहायला बसेल तेव्हा ही समज शंभर स्लाइड्सपेक्षा जास्त कामाला येईल. आता हाच एक बाइट विकत मिळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये बदलला आणि ती फाइल टेलिग्रामवर टाकली तर? बाइट तोच, बोटेही तीच, आणि ही मात्र सरळसरळ चोरी. तेव्हा कौशल्याकडे बघून गुन्हा ठरवता येत नाही. काय उघडले, प्रत कुठून आली आणि उघडून पुढे काय केले, एवढेच विचारावे लागते.

आपला कायदा हेच विचारतो, ही गोष्ट या वादात कुणी सांगत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगणक प्रोग्रॅमची गणना साहित्यकृतीत होते. पण १९९९ च्या दुरुस्तीने कलम ५२ मधल्या अपवादांत भर घातली. ज्याच्याकडे प्रत रीतसर आलेली आहे त्याला प्रोग्रॅम कसा चालतो ते पाहता येते, अभ्यासता येते, तपासता येते, त्यामागच्या कल्पना आणि तत्त्वे शोधता येतात. दुसऱ्या प्रोग्रॅमशी जुळवून घेण्यासाठी लागणारी माहिती सहज मिळत नसेल तर तीही काढता येते. २०१२ साली कलम ६५अ आले. डिजिटल कुलपे, म्हणजे प्रत काढणे रोखणारी तांत्रिक बंधने, तोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद त्यात सांगितली आहे, पण एका अटीवर: हेतू हक्कभंगाचा असला पाहिजे. एन्क्रिप्शनवरचे संशोधन आणि मालकाच्या परवानगीने केलेली सुरक्षा-चाचणी यांना तर त्याच कलमाने नाव घेऊन मोकळीक दिली आहे. म्हणजे सॉफ्टवेअर उघडणे हीच चोरी, असे म्हणणाऱ्यांनी ज्या कायद्याचा धाक घातला तो कायदा त्यांच्या बाजूने बोलत नाही.

हेतूची ही अट किती मोलाची आहे हे अमेरिकेकडे पाहून कळावे. तिथे १९९८ च्या डिजिटल मिलेनियम कॉपीराइट ॲक्टने कुलूप तोडणे हाच गुन्हा ठरवला. तोडून काय केले हा प्रश्न मागे पडला. संशोधनासाठी अपवाद होते, पण इतके चिंचोळे की त्यांच्या भरवशावर कुणी पाऊल टाकायला धजेना. २००१ मध्ये दिमित्री स्क्ल्यारोव्ह हा मॉस्कोचा तरुण संशोधक लास व्हेगासच्या डेफकॉन या हॅकरांच्या परिषदेत अडोबीच्या ई-बुकांच्या सुरक्षेतल्या उणिवांवर बोलला आणि तिथेच त्याला अटक झाली. त्या ई-बुकांचे कुलूप उघडणारे त्याच्या कंपनीचे सॉफ्टवेअर रशियात कायदेशीर होते. डिसेंबरात तो घरी परतू शकला आणि पुढच्या वर्षी सॅन होजेच्या ज्युरीने त्याच्या कंपनीलाही निर्दोष ठरवले. त्याच २००१ साली प्रिन्स्टनचे प्राध्यापक एडवर्ड फेल्टन यांना संगीत उद्योगाच्या वॉटरमार्कवरचा, म्हणजे गाण्यात दडवलेल्या ओळखखुणेवरचा, शोधनिबंध खटल्याच्या धमकीमुळे परिषदेतून मागे घ्यावा लागला होता. दोनच वर्षांनी त्यांचा विद्यार्थी ॲलेक्स हाल्डरमन याने दाखवून दिले की एका कंपनीची सीडीची कॉपी-सुरक्षा शिफ्ट की दाबून धरली की निकामी होते, कारण मग विंडोज डिस्कवरचा प्रोग्रॅम आपोआप चालवतच नाही. कंपनीने खटला भरण्याची घोषणा केली आणि सगळीकडून टीका होताच मागे घेतली. शिफ्ट की दाबली हे लिहिल्याबद्दल विद्यार्थ्याने वकील शोधावा, इतके हेतू न बघणारे कायदे लांब जातात.

याची किंमत कोण मोजतो? २००५ साली ती सामान्य गिऱ्हाइकाने मोजली. सोनी बीएमजीने आपल्या संगीताच्या सीडींवर कॉपी रोखणारे एक सॉफ्टवेअर घातले. सीडी संगणकात टाकली की ते विंडोजच्या पोटात शिरे आणि ‘डॉलर-सिस-डॉलर’ या खुणेने सुरू होणारी प्रत्येक फाइल वापरणाऱ्यापासून लपवून ठेवी. नुसती स्वतःची नव्हे, कुणाचीही. सिक्युरिटीच्या भाषेत याला रूटकिट म्हणतात. अशा सुमारे ४७ लाख डिस्क बनल्या होत्या. ३१ ऑक्टोबर २००५ रोजी विंडोजचे जाणकार मार्क रुसिनोविच यांनी ही गोष्ट जाहीर केली, आणि काही दिवसांतच त्या लपण्याच्या जागेचा फायदा घेणारे व्हायरस आले. कंपनीने काढून टाकण्यासाठी दिलेल्या वेब-साधनाने तर संगणकाला आणखी मोठे भोक पाडले, हे फेल्टन आणि हाल्डरमन यांनी दाखवले. सर्वांत बोचणारी गोष्ट वेगळीच आहे. या दोघांना रूटकिटचा सुगावा जवळजवळ महिनाभर आधी लागला होता. तो काळ वकिलांशी बोलण्यात गेला. ज्या कायद्याने कलावंताचे रक्षण करायचे त्याच्या भीतीने लाखो संगणक काही आठवडे उघडे राहिले. आणि कॉपीराइटच्या रक्षणासाठी घातलेल्या त्या सॉफ्टवेअरमध्ये ‘लेम’ या मुक्त-स्रोत प्रकल्पाचा कोड लायसन्सच्या अटी न पाळता वापरल्याचे आढळले. हेसुद्धा कुणीतरी ते उघडून पाहिले म्हणूनच कळले.

आपल्याकडे याहून जवळचा दाखला आहे. १९८६ साली लाहोरच्या अल्वी बंधूंनी लिहिलेला ‘ब्रेन’ हा पीसीवरचा पहिला मोठा व्हायरस मानला जातो. आपल्या वैद्यकीय सॉफ्टवेअरची चोरी करणाऱ्यांना पकडण्यासाठी तो लिहिला, असे त्यांनी पुढे सांगितले. व्हायरसच्या आत त्यांची नावे होती आणि कॉपीराइटची नोंदसुद्धा होती. ब्रेन फ्लॉपीच्या बूट सेक्टरमध्ये, म्हणजे संगणक सुरू होताना आधी वाचला जाणाऱ्या भागात, बसे, मूळ सेक्टर दुसरीकडे हलवी आणि ती जागा खराब आहे अशी खूण करून ठेवी. तो काढणारा प्रोग्रॅम लिहायचा तर मूळ सेक्टर कुठे नेला हे कळायला हवे, आणि ते कळायला व्हायरसचा कोड उलगडून ओळीओळीने वाचण्यावाचून गत्यंतर नव्हते. नव्वदच्या दशकात पुण्यात कैलास काटकर कॅल्क्युलेटर आणि नंतर संगणक दुरुस्त करत होते; धाकटे भाऊ संजय कॉम्प्युटर शिकत होते. दुरुस्तीला येणाऱ्या मशीनमधले व्हायरस काढायला संजय यांनी प्रोग्रॅम लिहिले आणि त्यातून क्विक हील उभी राहिली. लेखकाच्या परवानगीशिवाय कोड उलगडणे हाच गुन्हा मानला असता, तर कॉपीराइटची नोंद असलेल्या व्हायरसवर औषध शोधणारा विद्यार्थी गुन्हेगार ठरला असता. उघडून पाहणे वाईट म्हणणाऱ्यांनी आपल्या संगणकावरचा अँटिव्हायरस कोणत्या मार्गाने तयार झाला याचा विचार करावा.

आता विरोधी बाजूचे दोन मुद्दे खरोखर वजनदार आहेत आणि ते टाळून चालणार नाही. पहिला असा की दोष शोधून जाहीर केला की तो चोराच्याही हाती पडतो, आणि विशी न ओलांडलेल्या मुलाकडून संयमाची अपेक्षा किती करायची? धोका खराच आहे. दोष सापडल्या दिवशीच जगजाहीर करणाऱ्याचे मी समर्थन करणार नाही. आधी निर्मात्याला कळवावे, दुरुस्तीला वाजवी मुदत द्यावी, हाच रिवाज बरोबर आहे. पण लपवून ठेवल्याने सुरक्षा वाढते हे म्हणणे दीडशे वर्षांपूर्वीच तपासून झाले आहे. लंडनच्या पिकॅडिलीत ब्रामा यांच्या दुकानाच्या खिडकीत एक कुलूप लटकत होते. ते उघडणाऱ्याला २०० गिनींचे बक्षीस होते आणि कित्येक दशके कुणाला ते जमले नव्हते. १८५१ च्या महाप्रदर्शनासाठी आलेल्या आल्फ्रेड हॉब्ज या अमेरिकन कुलूपकाराने १६ दिवसांत मिळून ५१ तास खपून ते उघडले. त्यावरही लंडनमध्ये हाच वाद माजला होता की असले ज्ञान उघड करावे का. चोर आपल्या धंद्यात तरबेज असतातच, अंधारात राहतो तो कुलूप विकत घेणारा, हे उत्तर तेव्हाच देऊन झाले. हॉब्जनंतर कुलपे सुधारली.

तेच आपल्या काळात चिपच्या बाबतीत झाले. नेदरलँड्समधल्या रॅडबाउड विद्यापीठाच्या चमूने २००८ मध्ये मायफेअर क्लासिक ही चिप भेदली. डच सार्वजनिक वाहतुकीच्या आणि लंडनच्या ऑयस्टर कार्डांत हीच चिप होती. निर्माती कंपनी शोधनिबंध थांबवायला कोर्टात गेली. आर्नहेमच्या न्यायालयाने बंदी नाकारली आणि कारण असे दिले की नुकसान झालेच तर ते लेख छापल्याने नव्हे, सदोष चिप बनवून विकल्याने झाले आहे. याउलट २०१३ मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयाने गाड्यांच्या इमोबिलायझरमधल्या, म्हणजे खऱ्या किल्लीशिवाय गाडी सुरू होऊ न देणाऱ्या यंत्रणेतल्या, मेगामॉस चिपवरचा निबंध रोखला. फोक्सवागनच्या तक्रारीवरून झालेली ही बंदी उठून निबंध छापून यायला २०१५ उजाडले. मधल्या दोन वर्षांत गाडीमालकांना काय मिळाले? ज्या गाड्या रस्त्यावर होत्या त्यांची चिप तीच राहिली, आणि ती कमकुवत आहे हे मालकाला कळले मात्र नाही.

दुसरा वजनदार मुद्दा प्रामाणिक निर्मात्याचा आहे. मराठी फॉन्ट, डीटीपी, हिशेब, शाळेचे निकाल यांची सॉफ्टवेअर बनवणाऱ्या आपल्याकडच्या छोट्या कंपन्यांनी चोरीचा मार किती खाल्ला आहे हे त्या धंद्यातल्या माणसांना विचारावे. पॅरलल पोर्टला लावायचा डोंगल, म्हणजे जो लावल्याशिवाय सॉफ्टवेअर चालत नसे तो छोटा तुकडा, त्यांनी हौसेने दिला नव्हता. त्यांचा राग रास्त आहे, आणि म्हणूनच मी ‘शिक्षणासाठी सगळे माफ’ या पक्षात नाही. या पक्षाची मंडळी दिल्ली विद्यापीठाच्या झेरॉक्स प्रकरणाचा आधार घेतात. २०१६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ऑक्सफर्ड, केंब्रिज आदी प्रकाशकांचा दावा फेटाळला आणि अभ्यासक्रमासाठी पुस्तकांतल्या पानांचे संच काढून देण्याला आधार दिला. निकाल उत्तम होता. पण त्यावरच्या अपिलात खंडपीठाने मोजमाप काय सांगितले? शिक्षणाच्या प्रयोजनासाठी जितके आवश्यक तितके. हे मोजमाप सिक्युरिटीच्या विद्यार्थ्याला लावून पाहू. डिससेम्बलर हवा, तर अमेरिकेच्या एनएसएने २०१९ मध्ये खुला केलेला घिड्रा फुकट आहे. नेटवर्कसाठी वायरशार्क, वेबसाठी झॅप आणि बर्पची कम्युनिटी आवृत्ती, हल्ल्याच्या सरावाला मेटास्प्लॉइट, हे सगळे गोळा करून दिलेले काली लिनक्स, आणि मुद्दाम भोके ठेवून बनवलेली वेबगोट किंवा डीव्हीडब्ल्यूए ही सरावाची वेब-ॲप. असे असताना महागड्या टूलची क्रॅक प्रत कोणत्या प्रयोजनासाठी आवश्यक ठरते? शिवाय कलम ६३ब स्पष्ट आहे: चोरीची प्रत आहे हे माहीत असून ती संगणकावर वापरली तर किमान सात दिवस ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाखांचा दंड. नफ्यासाठी वापर नसेल तर कोर्ट कैद माफ करू शकते, पण गुन्हा पुसला जात नाही.

कायदा बाजूला ठेवला तरी एक कारण उरते आणि या विषयाच्या विद्यार्थ्याला ते सर्वांत आधी पटायला हवे. क्रॅक केलेली फाइल म्हणजे अनोळखी माणसाने बदललेला आणि तुम्ही ॲडमिनचे अधिकार देऊन चालवलेला प्रोग्रॅम. नोव्हेंबर २०२१ मध्ये ईसेट या कंपनीने दाखवून दिले की आयडा प्रो या नावाजलेल्या डिससेम्बलरच्या ७.५ आवृत्तीची एक चोरीची प्रत लाझारस या टोळीने पेरली होती. तिच्या इन्स्टॉलरमध्ये दोन घातक डीएलएल (प्रोग्रॅमला जोडल्या जाणाऱ्या कोडच्या फाइली) होत्या. सावज होते सिक्युरिटीचेच अभ्यासक. अँटिव्हायरस बंद करून कीजेन, म्हणजे खोटे सीरियल नंबर बनवणारा प्रोग्रॅम, चालवायचे आणि त्याच मशीनवर मालवेअरचा अभ्यास करायचा, हे ज्याला खटकत नाही त्याने या विषयातले पहिले प्रकरणही मनापासून वाचलेले नाही.

गरिबीचा मुद्दा मात्र मी झटकून टाकणार नाही. घरात एकच जुना लॅपटॉप, चार जीबी रॅम, त्यात व्हर्च्युअल मशीन (संगणकाच्या आत चालणारा दुसरा आभासी संगणक) चालत नाही. कॉलेजच्या लॅबमध्येच चोरीचे विंडोज घातलेले. प्रॅक्टिकलच्या परीक्षेत अमुकच टूलचे स्क्रीनशॉट हवेत असा आग्रह. अशा वेळी मुलाला चोर म्हणणे सोपे आहे आणि अन्यायाचेही. ही चोरी त्याने एकट्याने केलेली नाही, अभ्यासक्रमाने त्याला तिथे ढकलले. ज्या कॉलेजने फी घेतली त्याने एक तर लायसन्स द्यावे किंवा प्रॅक्टिकल फुकट टूल्सवर बसवावे. सबमिशनमध्ये विशिष्ट कंपनीच्या खिडकीचे चित्र मागण्यात कोणते ज्ञान तपासले जाते, हे मला कुणी समजावून सांगितलेले नाही.

आपल्या कायद्यातही खोट आहेच. कॉपीराइट कायदा हेतू विचारतो, पण आयटी कायद्याचे कलम ४३ परवानगी विचारते: मालकाच्या संमतीशिवाय संगणकात शिरलात तर भरपाई, आणि अप्रामाणिक हेतू ठरला तर कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद. दुसऱ्याच्या चालू सर्व्हरवर न विचारता हात चालवू नये हे मला मान्य आहे. पण विकत घेतलेल्या राउटरमध्ये किंवा फोनवरच्या सरकारी ॲपमध्ये दोष दिसला आणि तो कळवला, तर कळवणाऱ्यावरच तक्रार होणार नाही याची हमी कुठे आहे? २०१० मध्ये हैदराबादचे हरी प्रसाद आणि तेच हाल्डरमन, तोवर मिशिगनला प्राध्यापक झालेले, यांनी भारतीय मतदान यंत्र उघडून त्यातल्या उणिवा दाखवल्या. यंत्र एका अनामिकाने दिले होते आणि ते मुंबईतल्या सरकारी ताब्यातले होते. ऑगस्टमध्ये मुंबई पोलिसांनी प्रसाद यांना अटक केली. यंत्र कसे हाती आले याची चौकशी व्हायलाच हवी होती, त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार अशी की यंत्र रीतसर मागून, रीतसर उघडून तपासण्याचा मार्गच कुणाला खुला नव्हता, आणि मग देशातली सगळी चर्चा चोरीभोवती फिरली. उणिवा किती खऱ्या, किती फुगवलेल्या, हे शांतपणे तपासायचे राहूनच गेले.

इतर देश इथे पुढे सरकले आहेत. युरोपीय न्यायालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये, बेल्जियमच्या सरकारी कार्यालयाच्या एका खटल्यात, रीतसर विकत घेतलेला प्रोग्रॅम चुका दुरुस्त करण्यासाठी डीकंपाइल करता येतो, म्हणजे मशीन कोडवरून वाचण्याजोगा कोड काढता येतो, असे म्हटले. अमेरिकेने २०१५ पासून प्रामाणिक सुरक्षा-संशोधनाला कॉपीराइट कायद्यातून सवलत देत आणली आणि २०२२ मध्ये तिथल्या न्याय खात्याने अशा संशोधकांवर हॅकिंगचे आरोप न ठेवण्याचे धोरण जाहीर केले. आपणही दोन गोष्टी कायद्यात लिहायला हव्यात: स्वतःकडे रीतसर असलेल्या सॉफ्टवेअरचा सुरक्षेसाठी अभ्यास करण्याचा हक्क लायसन्सच्या बारीक अक्षरांतल्या अटीने हिरावता येणार नाही, आणि प्रामाणिकपणे दोष कळवणाऱ्यावर कलम ४३ चालणार नाही.

तोवर कॉलेजांना हातावर हात ठेवून बसायचे कारण नाही. कलम ६५अ मध्येच एक तरतूद पडून आहे: कायदेशीर कामासाठी दुसऱ्याला कुलूप उघडायला मदत करणाऱ्याने त्या माणसाचे नाव, पत्ता आणि प्रयोजन यांची पूर्ण नोंद ठेवायची. रिव्हर्स इंजिनिअरिंगच्या, म्हणजे तयार प्रोग्रॅम उलगडून समजून घेण्याच्या, प्रत्येक लॅबमध्ये असे रजिस्टर हवे. कोणी, कोणत्या तारखेला, कोणता प्रोग्रॅम, कुठून आलेली प्रत, कशासाठी उघडली. पहिल्या प्रॅक्टिकलच्या आधी विद्यार्थ्याने त्यात सही करावी, शेजारी शिक्षकाने करावी, आणि दोघांनी कलम ५२, ६३ब आणि ६५अ एकदा मोठ्याने वाचून काढावीत. या विषयाच्या पहिल्या तासाला यापेक्षा उपयोगी धडा मला दिसत नाही, आणि येत्या सत्रापासून तो सुरू करायला विद्यापीठाच्या कोणत्याही परिपत्रकाची वाट पाहावी लागत नाही.